लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन: ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) सोनोग्राफी कोणत्या क्रमाने करावी

मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलाय, केमोचा गुण आलाय आणि आता लिव्हरचं ऑपरेशन ठरलंय. अशा वेळी पोट उघडल्यावर सोनोग्राफीचा प्रोब थेट लिव्हरवर ठेवून तपासायचं असतं, हे आता कोल्हापुरातही कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. गडबड होते ती पुढे. प्रोब लावला जातो, सीटीत दिसलेली गाठ पडद्यावर दिसते, सगळ्यांचं समाधान होतं आणि प्रोब बाजूला ठेवून कापायला सुरुवात होते. बाकीचं लिव्हर कुणी पाहिलेलंच नसतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेगमेंटमध्ये (लिव्हरच्या आठ भागांपैकी एकात) गाठ दिसते, तेव्हा ती नवी उगवली की त्या दिवशीच तिथे होती, हे सांगता येत नाही.

माहीत असलेली गाठ शोधणं हे या सोनोग्राफीचं सगळ्यात छोटं काम आहे. न दिसलेल्या गाठी शोधणं, गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यातलं अंतर मोजणं आणि सुरी कुठून चालवायची ते ठरवणं ही खरी कामं. हा लेख लिव्हर सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंटसाठी, नुकतंच स्वतंत्र काम सुरू केलेल्या सर्जनसाठी, मदतीला येणाऱ्या रेडिओलॉजिस्टसाठी आणि ओटीतल्या सिस्टरसाठी आहे. पहिला टप्पा रुग्णाच्या घरच्यांनीही वाचावा.

टप्पा १: जुने स्कॅन जमवा आणि गाठींचा तक्ता करा

पहिली चूक ऑपरेशनच्या आधीच होऊन गेलेली असते. गडहिंग्लज, राधानगरी, शाहूवाडी किंवा निपाणीकडून आलेला रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म आणि रिपोर्ट घेऊन येतो. पिशवीत शेवटचा सीटी असतो. केमोच्या आधीचा मात्र घरी राहिलेला असतो, कारण तो 'जुना' झाला असं त्यांना वाटतं. आपल्याला तोच सगळ्यात जास्त हवा असतो. केमोने विरघळून दिसेनाशा झालेल्या गाठी फक्त त्याच स्कॅनमध्ये दिसतात.

घरच्यांना सरळ सांगा: "काका, केमो सुरू व्हायच्या आधीचा सीटी घेऊन या. जुना असला तरी चालेल, तोच पाहिजे. आणि नुसती फिल्म नको, सेंटरवाल्यांकडून सीडी मागून घ्या." फिल्मवर चित्र बारीक असतं आणि निवडक कापच छापलेले असतात. सीडीत सगळे काप असतात, पुढे-मागे सरकवून पाहता येतात.

ताजा स्कॅन ऑपरेशनच्या आधी साधारण चार आठवड्यांच्या आतला हवा. केमो झालेल्या लिव्हरसाठी शक्य असेल तर एमआरआय करा, डिफ्युजनसकट आणि लिव्हरच्या पेशींत शिरणारं गॅडोक्सेटिक ॲसिडचं कॉन्ट्रास्ट वापरून. केमोने लिव्हरमध्ये चरबी साठली की सीटीत बारीक गाठी हरवतात. पेट स्कॅनवर इथे भिस्त ठेवू नका, केमोनंतर त्याच्यातून गाठी सहज निसटतात.

मग एका कागदावर तक्ता करा. प्रत्येक गाठीला क्रमांक द्या आणि पुढे पाच गोष्टी लिहा: सेगमेंट, केमोआधीचा आकार, आताचा आकार, सगळ्यात जवळची हिपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) किंवा पोर्टल फांदी (लिव्हरमध्ये रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनची), आणि पृष्ठभागापासूनची खोली. आता न दिसणारी गाठही तक्त्यात राहिलीच पाहिजे, तिच्यापुढे 'दिसत नाही' असं लिहा. हा कागद ओटीच्या भिंतीवर, सर्जनच्या नजरेसमोर चिकटवायचा. फाईलमध्ये ठेवलात तर ऑपरेशन चालू असताना तो कुणी उघडत नाही.

ऑपरेशनचा दिवस ठरवताना शेवटच्या केमोनंतर साधारण चार आठवडे जाऊ द्या. केमोसोबत बेव्हासिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) दिलं असेल तर सहा.

*तपासा:* तक्त्यातल्या गाठींची संख्या केमोआधीच्या स्कॅनशी जुळते का? जुळत नसेल तर रेडिओलॉजिस्टसोबत बसून पुन्हा मोजा.

*संमतीबद्दल:* आदल्या संध्याकाळी घरच्यांना सांगा की ओटीत सोनोग्राफी केल्यावर बेत बदलू शकतो. जास्त भाग काढावा लागेल, एखादी गाठ सुईने जाळावी लागेल, क्वचित काहीच न काढता पोट बंद करावं लागेल. हे संमतीपत्रावरही लिहा. ऑपरेशनच्या मध्येच बाहेर येऊन हे पहिल्यांदा सांगणं घरच्यांवर अन्याय आहे.

टप्पा २: मशीन, नोंदणी आणि प्रोब

भारतात कुठलंही सोनोग्राफी मशीन, ते फक्त लिव्हरसाठी वापरायचं असलं तरी, गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवलेलं असावं लागतं. जागा, मशीन किंवा ते चालवणारा डॉक्टर यांत बदल होणार असेल तर किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. 'आजच्या दिवस खालच्या मजल्यावरचं मशीन वर आणू' किंवा 'ओळखीच्या सेंटरचं मागवू' असा विचारही करू नका. सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर (केलेल्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवण्याची मोहीम ज्या जिल्ह्यात झाली, त्या कोल्हापुरात तरी हे कुणाला नवं नाही. शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या कार्यालयात ओटीतल्या वापराची आणि प्रोब हाताळणाऱ्या डॉक्टरांच्या नावाची नोंद आहे ना, हे ऑपरेशनची तारीख देण्याआधी पाहून घ्या.

प्रोब ऑपरेशनसाठीचाच हवा: छोटा, टी किंवा आय आकाराचा, बोटांत धरून लिव्हर आणि श्वासपटल यांच्यामधल्या फटीत सरकवता येईल असा. फ्रिक्वेन्सी ५ ते १० मेगाहर्ट्झ. पोटाचा नेहमीचा मोठा प्रोब डोमवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या घुमटावर, पोचतच नाही. थायरॉइड किंवा शिरांसाठीचा उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रोब वापरला तर वरवरचं सुरेख दिसतं आणि खोलवरचं काहीच दिसत नाही. हा धोका मोठा, कारण वरचं चित्र इतकं स्वच्छ असतं की खालचं राहून गेलंय हे लक्षातच येत नाही. दुर्बिणीतून करणार असाल तर टोक वाकणारा लॅपरोस्कोपिक प्रोब आणि तो जाईल एवढा पोर्ट हवा.

प्रोब निर्जंतुक करण्याची पद्धत कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच पाळा. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, प्रोब कायमचा जातो. वर निर्जंतुक कव्हर घालायचं. आत निर्जंतुक जेल, बाहेर फक्त सलाईन. सिस्टरने कव्हर चढवताना जेल प्रोबच्या तोंडावर भरपूर घालावं, कव्हर ओढून ताणावं आणि अंगठ्याने बुडबुडे कडेला सारावेत. मग कव्हर मागे घट्ट बांधावं. तोंडावर सुरकुती राहिली किंवा बारीकसा बुडबुडा अडकला तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत काळी पट्टी येते, आणि ती पट्टी प्रोबसोबत सगळ्या लिव्हरभर फिरते.

मशीनचा प्लग डायथर्मीच्या (विजेने कापणाऱ्या-जाळणाऱ्या उपकरणाच्या) सॉकेटपासून वेगळा ठेवा. पडदा सर्जनच्या समोर हवा, मान वळवून पाहावा लागेल असा नको. गाडी कुठे उभी राहणार हे ओटीतल्या मामांना ड्रेपिंगच्या आधीच दाखवा.

*तपासा:* प्रोबच्या एका टोकाला बोट लावा. पडद्यावर कुठली बाजू हलते ते पाहा आणि डावी-उजवी निश्चित करा. खोली ८ ते १० सेंटिमीटरवर ठेवून सुरुवात करा.

टप्पा ३: पोट उघडल्यावर आधी प्रोब, मग सुटं करणं

इथला क्रम हमखास चुकतो. पोट उघडलं की हात आपोआप लिव्हर सुटं करायला लागतात. लिगामेंट कापली जातात, लिव्हर पुढे ओढलं जातं, मध्येच बायोप्सीही घेतली जाते आणि त्यानंतर कुणीतरी प्रोब मागतं. तोवर लिव्हरमागे हवा शिरलेली असते, पृष्ठभागावर डायथर्मीचे डाग पडलेले असतात आणि बायोप्सीच्या जागी बुडबुडे चमकत असतात. यातलं प्रत्येक पडद्यावर गाठीसारखं दिसतं किंवा खरी गाठ लपवतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पोटाची बाकीची पाहणी: पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर), हायलममधले (लिव्हरमध्ये रक्तवाहिन्या शिरतात तिथले) लिम्फ नोड, आतड्यातल्या मूळ गाठीची जागा. मग राउंड आणि फाल्सिफॉर्म लिगामेंट एवढंच सोडवा. लिव्हरवर कोमट सलाईन टाका आणि पहिली पूर्ण सोनोग्राफी करा. त्यानंतर लिव्हर हवं तेवढं सुटं करा आणि मागचा भाग, सेगमेंट ७ आणि आयव्हीसीची (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेची) बाजू दुसऱ्यांदा पाहा. दोन्ही हातांनी चाचपणं या दोन सोनोग्राफींच्या मध्ये येतं. ते टाळायचं नाही. अगदी पृष्ठभागावरची बारीक गाठ बोटाला लागते आणि प्रोबला चुकते.

*सावधान:* प्रोब दाबू नका. नुसता टेकवायचा. दाबलात की हिपॅटिक व्हेन चपटी होते आणि गाठीपासून तिचं अंतर चुकीचं मोजलं जातं. सीव्हीपी (मोठ्या शिरांमधला रक्तदाब) फार खाली असेल तेव्हाही शिरा कोलमडलेल्या दिसतात. कापताना सीव्हीपी कमी हवाच, पण शिरांचा नकाशा पाहताना भूलतज्ज्ञांशी बोलून घ्या. आणि प्रोब चालू असताना डायथर्मी बंद, नाहीतर पडदा रेघांनी भरतो.

टप्पा ४: आधी शिरा पाहा, गाठी नंतर

गाठीकडे धाव घेऊ नका. प्रोब वर, आयव्हीसीजवळ ठेवा. उजवी, मधली आणि डावी हिपॅटिक व्हेन आयव्हीसीला मिळतात तिथून प्रत्येकीच्या मागे खाली या. उजवी खालची जादा हिपॅटिक व्हेन आहे का पाहा. काहींना असते आणि ती असली तर उजव्या बाजूचा बेत बदलू शकतो.

मग पोर्टल व्हेन दुभागते ती जागा. डावीकडे अंबिलिकल भागापर्यंत जा, तिथून सेगमेंट २, ३ आणि ४ च्या फांद्या निघतात. उजवीकडे पुढच्या फांदीतून ५ आणि ८, मागच्या फांदीतून ६ आणि ७. पोर्टल फांद्यांभोवती ग्लिसनचं आवरण असल्यामुळे त्यांच्या कडा उजळ दिसतात, हिपॅटिक व्हेनच्या कडा बारीक आणि फिक्या. एवढी एक खूण पक्की असली की आपण कुठे आहोत हे विसरायला होत नाही.

सेगमेंट मोठ्याने बोला. "आता सेगमेंट ८, उजव्या हिपॅटिक व्हेनच्या आतल्या बाजूला." सहाय्यकाने तक्ता पाहून हो म्हणावं. हे कुणाला बालिश वाटतं, पण चुकीच्या सेगमेंटमध्ये शिरण्यापासून यानेच वाचायला होतं.

टप्पा ५: सगळं लिव्हर, एकही पट्टी न सोडता

इथे घाई केली की सगळं गेलं. डाव्या टोकापासून, म्हणजे सेगमेंट २-३ पासून, सुरुवात करा. प्रोब वरून खाली आणा, थोडा उजवीकडे सरकवा, पुन्हा वरून खाली. उसाच्या शेतात सरीला सरी लागून असते तशी प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर थोडी चढली पाहिजे. सेगमेंट ६-७ च्या कडेपर्यंत गेल्यावर उलट दिशेने, आडव्या पट्ट्यांनी परत या. दर वेळी हाच मार्ग ठेवा. मार्ग ठरलेला असला की काय राहिलं ते आपोआप कळतं.

नेहमी सुटणाऱ्या जागा या:

- प्रोबच्या लगेच खालचा सेंटिमीटरभर भाग. तिथे चित्र धूसर असतं. तो भाग समोरच्या पृष्ठभागावरून पाहा, किंवा सलाईनचं तळं करून प्रोब लिव्हरपासून थोडा उचलून धरा.
- डोम, म्हणजे सेगमेंट ७ आणि ८ चा श्वासपटलाखालचा भाग. प्रोब बोटांत धरून थेट वर सरकवावा लागतो.
- कॉडेट, सेगमेंट १. सेगमेंट ४ आणि डाव्या लोबच्या आरपार पाहा, मग लेसर ओमेंटम (लिव्हर आणि जठर यांच्यामधला पातळ पदर) उघडून थेट पाहा.
- फाल्सिफॉर्म लिगामेंटच्या खालचा भाग, जिथे सावली पडते. प्रोब तिरका करून दोन्ही बाजूंनी पाहा.
- आधीच्या ऑपरेशनमध्ये चिकटलेली जागा. चिकटलेलं सोडवल्याशिवाय 'स्वच्छ' म्हणू नका.

चरबी साठलेल्या लिव्हरमध्ये खालचा भाग अंधारतो. तेव्हा फ्रिक्वेन्सी कमी करा, फोकस खाली न्या. गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत राहिल्याने फक्त पडदा पांढरा होतो.

*तपासा:* आयव्हीसी आणि श्वासपटलाची उजळ रेघ प्रत्येक पट्टीत दिसली का? दिसली नसेल तर त्या पट्टीत लिव्हरची पूर्ण जाडी पाहिली गेली नाही.

टप्पा ६: दिसलेलं सगळं गाठच असतं असं नाही

आतड्याच्या कॅन्सरची गाठ बहुतेकदा भोवती काळपट कडं असलेली दिसते. कधी लिव्हरच्याच रंगाची असते आणि फक्त शिरेला ढकलल्यामुळे ओळखू येते. केमोनंतर तिच्यात कॅल्शियम जमतं आणि मागे सावली पडते. तुमच्या रुग्णातली माहीत असलेली गाठ आधी नीट निरखा: तिचा रंग, कडा, सावली. त्याच रुग्णातल्या बाकीच्या गाठी बहुधा तशाच असतात.

सिस्ट पूर्ण काळी असते आणि तिच्या मागचा भाग उजळतो. हिमॅन्जिओमा उजळ असतो, हलकंसं दाबलं की आकार बदलतो (दाबायची परवानगी एवढ्यापुरतीच). चरबीयुक्त लिव्हरमध्ये पित्ताशयाजवळ किंवा फाल्सिफॉर्मलगत चरबी नसलेला तुकडा काळपट दिसतो आणि फार फसवतो. त्याला कोन असतात आणि शिरा त्यातून न वाकता सरळ जातात. गाठ शिरेला सरकवते.

दिसलेली प्रत्येक गोष्ट एकमेकांना काटकोनातल्या दोन दिशांनी पाहा. एका दिशेने गोल दिसणारी गाठ दुसऱ्या दिशेने लांबट झाली तर ती आडवी कापली गेलेली शीर आहे.

नवी संशयास्पद गाठ दिसली तर थांबा. एमआरआय पुन्हा उघडा, त्या जागेचे काप पाहा. सल्फर हेक्साफ्लोराइडच्या सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट उपलब्ध असेल आणि मशीन कमी मेकॅनिकल इंडेक्सवर (बुडबुडे फुटणार नाहीत इतक्या कमी ताकदीवर) चालत असेल तर ते द्या. उशिराच्या टप्प्यात भोवतालचं लिव्हर उजळ राहतं आणि मेटास्टेसिस, म्हणजे पसरलेल्या कॅन्सरची गाठ, काळ्या भोकासारखी उठून दिसते. तरीही शंका असेल आणि बेत बदलणार असेल तर सोनोग्राफीखाली सुईने तुकडा घेऊन फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच होणारी तुकड्याची तपासणी) करा. मग नव्याने हिशोब: सगळं काढून किती लिव्हर उरेल? चांगल्या लिव्हरमध्ये किमान २० टक्के, भरपूर केमो झालेल्यामध्ये ३० टक्के, सिरोसिस असेल तर ४० टक्के.

टप्पा ७: दिसेनाशा झालेल्या गाठी

"डॉक्टरसाहेब, गाठ गेली म्हणून रिपोर्ट आलाय, मग तिकडचं कशाला काढताय?" हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो चुकीचा नाही. पण स्कॅनवर गेली म्हणजे लिव्हरमधून गेली असं होत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात सीटीवर पूर्ण गायब झालेल्या ६६ गाठींपैकी ५५ जागी एक तर कॅन्सर शिल्लक सापडला किंवा तिथेच तो पुन्हा उगवला. घरच्यांना मी हाच आकडा सांगतो, कारण 'काळजी म्हणून काढतोय' या वाक्याने कुणाचंच समाधान होत नाही.

ओटीत अशा प्रत्येक जागेवर तक्ता घेऊन जा. केमोआधीच्या सीटीतली जवळची शीर शोधा, तिथून ठरलेलं अंतर मोजा आणि त्याच जागी थांबून पाहा. व्रण, कॅल्शियमचा ठिपका, शिरेची ओढलेली भिंत, काहीही दिसलं तर ती जागा काढायच्या यादीत. काहीच दिसलं नाही पण जागा काढायचं ठरलेल्या भागातच येते, तर तीही काढली जावी. खोलवर, लांबच्या सेगमेंटमध्ये असेल आणि काढायला अर्धं लिव्हर जाणार असेल, तर तो निर्णय ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत) आधीच झालेला हवा. ओटीत उभं राहून घ्यायचा तो निर्णय नव्हे.

केमो सुरू व्हायच्या आधीच रुग्ण तुमच्याकडे आला असेल आणि गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, खोलवर असेल, तर तिच्यात खुणेची कॉइल बसवून घेण्याबद्दल रेडिओलॉजिस्टशी बोला. नंतरची शोधाशोध वाचते.

टप्पा ८: कापायची रेषा आखा

प्रोब गाठीवर धरा. प्रोब आणि लिव्हर यांच्यामध्ये डायथर्मीचं टोक, बंद ठेवून, सरकवा. पडद्यावर त्याची काळी सावली खाली जाते. सावली गाठीच्या कडेच्या बाहेर, हव्या त्या अंतरावर आली की प्रोब काढून त्याच ठिकाणी पृष्ठभागावर खूण करा. असं चारी बाजूंनी. १ सेंटिमीटर निरोगी कडा मिळत असेल तर घ्या. मोठी शीर वाचवायची असेल तर १ मिलिमीटर सुटलेली कडाही मान्य आहे, पण ती तुम्ही मोजून स्वीकारलेली असावी, नंतर रिपोर्टमध्ये कळलेली नव्हे. आणि खोली विसरू नका. पृष्ठभागावरचं वर्तुळ सुंदर आखलेलं असतं आणि कडा चुकते ती गाठीच्या तळाला.

टप्पा ९: कापताना आणि कापल्यावर

रेषा आखली म्हणून प्रोब सिस्टरकडे परत देऊ नका. दर काही सेंटिमीटरवर पुन्हा लावा. कापलेली फट पडद्यावर उजळ रेघ म्हणून दिसते. दिसत नसेल तर फटीत सलाईन घाला. ही रेघ गाठीच्या तळाखालून जातेय की गाठीकडे वळतेय? वळत असेल तर आत्ताच दिशा बदला. प्रिंगल (लिव्हरकडे येणारं रक्त थोडा वेळ चिमट्याने थांबवणं) करत असाल तर १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू या लयीत मोकळ्या वेळी ही पाहणी बसते.

गाठ सुईने जाळायची असेल तर सगळ्यात खोल भागापासून सुरू करा. जाळताना उठणारे बुडबुडे त्यांच्याखालचं सगळं झाकतात. मोठ्या शिरेलगतची गाठ नीट जळत नाही, कारण रक्त उष्णता वाहून नेतं. हायलमजवळ मोठ्या पित्तनलिकांना इजा होते, तिथे जाळू नका.

काढलेला तुकडा सलाईनच्या भांड्यात बुडवून त्यावर प्रोब फिरवा. गाठ आत आहे ना, कडा सगळीकडून सुटलीय ना? अरुंद वाटली त्या बाजूला टाका घालून खूण करा. मग उरलेल्या लिव्हरमध्ये डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावा: पोर्टल प्रवाह आत जातोय, हिपॅटिक व्हेनमधून बाहेर येतोय. डॉपलर न पाहता पोट बंद करू नका. वळलेली शीर याच वेळी सरळ करता येते.

*तपासा:* तक्त्यातल्या प्रत्येक क्रमांकापुढे 'काढली', 'जाळली' किंवा 'ठेवली' यांपैकी एक शब्द आला का?

टप्पा १०: नोंद

ऑपरेशन नोटमध्ये 'सोनोग्राफी केली' एवढंच लिहू नका. किती गाठी आधी माहीत होत्या, किती नव्या सापडल्या, कुठल्या सेगमेंटमध्ये, कुठल्या दिसल्या नाहीत आणि त्यांचं काय केलं, हे लिहा. प्रत्येक गाठीचा एक फोटो सेगमेंटचं नाव टाकून साठवा. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर टाक्याच्या खुणेचा अर्थ लिहा: 'लांब टाका, हिपॅटिक व्हेनकडची बाजू'.

तक्त्याची एक प्रत डिस्चार्ज कार्डला जोडा. पुढच्या सीईए (कॅन्सर परत आला का ते पाहण्यासाठीची रक्ततपासणी) तपासण्या आणि स्कॅन बहुतेकदा रुग्णाच्या गावाजवळ होतात. तिथल्या डॉक्टरांना सेगमेंट ८ मधली सावली म्हणजे जाळलेली जागा की नवी गाठ, हे या कागदावरूनच कळणार असतं.